घरापासून लांबच्या गोठ्यात वीज नेताना या चुका टाळा

घर गावात आणि गोठा शंभर-दीडशे मीटरवर वावराच्या कडेला, हे विदर्भातल्या गावांत नेहमीचंच. घरच्या बोर्डातून वायर ओढली, टोकाला बल्ब लागला, की काम झालं असं वाटतं. पुढच्या वर्षी कुट्टी मशीन येतं. बटण दाबलं की मोटर नुसती घुमते, फिरत नाही. कपॅसिटर बदलला जातो, मग वाइंडिंग जळतं आणि खापर मोटरीवर फुटतं. अशा वेळी मोटर खोलण्याआधी वायर तपासा.

अंतर न मोजता वायर घेणं

दोन एचपीची सिंगल फेज मोटर चालताना साधारण ११ अँपिअर घेते, सुरू होताना ५-६ पट. घरच्या वायरिंगला २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर पुरते, म्हणून तीच पुढे नेली जाते. पण १५० मीटरवर गोठा असेल तर वीज जाऊन-येऊन ३०० मीटर चालते. या वायरीचा रोध किलोमीटरला ७.४१ ओहम, म्हणजे ३०० मीटरला सुमारे २.२ ओहम. चालू मोटरीवरच २४ व्होल्ट वाटेत जिरतात. सुरू होताना तर मोटरीपर्यंत जेमतेम दीडशे व्होल्ट पोहोचतात. मोटरीचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो, त्यामुळे दीडशे व्होल्टला तो निम्म्याहून कमी उरतो. वर संध्याकाळी गावातच व्होल्टेज २०० वर आलेलं असलं, तर मोटर उठणारच नाही.

याच अंतराला १६ चौरस मिलिमीटरची अ‍ॅल्युमिनियमची आर्मर्ड (वर लोखंडी कवच असलेली) केबल घेतली तर रोध ०.५७ ओहम येतो आणि घट ६-७ व्होल्टवर थांबते. तांब्यात १० चौरस मिलिमीटर घेतली तरी जवळपास तेवढीच घट येते, पण पैसे बरेच जास्त लागतात. हिशेब सोपा आहे: अँपिअर गुणिले दुप्पट अंतर गुणिले मीटरमागचा रोध. उत्तर १०-११ व्होल्टच्या आत हवं. आज दोनच बल्ब लावायचे असले तरी केबल कुट्टी मशीन धरूनच घ्या. खड्डा दुसऱ्यांदा खोदणं केबलपेक्षा महाग पडतं.

बारीक वायरीचा आणखी एक तोटा सहसा लक्षात येत नाही. गोठ्यात शॉर्ट झालं तरी २.२ ओहमच्या वायरीतून शंभरेक अँपिअरच वाहतात. घरी ३२ अँपिअरचा सी प्रकारचा एमसीबी (करंट जास्त झाला की पडून वीज तोडणारा स्विच) असेल तर तो झटक्यात पडायला किमान १६० लागतात. तोवर वायर तापत राहते, आणि शेजारी कुटार भरलेलं असतं. जाड केबल आणि तिच्यासाठी घराकडे वेगळा १६ अँपिअरचा टू-पोल (दोन्ही वायरी तोडणारा) एमसीबी, अशी जोडी ठेवा.

मोटर उठत नसेल तर दोन टोकांना दोन मल्टिमीटर लावून मोटर सुरू करा. घराकडचं व्होल्टेज टिकलं आणि गोठ्याकडचं पडलं, तर केबल बारीक आहे किंवा जोड ढिला आहे. दोन्हीकडे सारखंच पडलं, तर दोष मीटरच्या मागे आहे, लाइनमनला बोलवा. बल्ब मधूनच मंद आणि मधूनच भगभगीत होत असतील तर आधी न्यूट्रलचा (परतीच्या वायरीचा) जोड पाहा. अ‍ॅल्युमिनियमची तार नुसती स्क्रूखाली दाबली की वर्ष-दोन वर्षांत ढिली होते आणि तापते. तारेच्या टोकावर लग (धातूची टोपी) दाबून बसवूनच जोडा.

न्यूट्रल जमिनीतून घेणं

वायर वाचवायला फेजची एकच वायर नेऊन न्यूट्रलच्या जागी जमिनीत सळई ठोकतात. ही सगळ्यांत जीवघेणी चूक. पूर्ण करंट त्या सळईतून मातीत उतरतो आणि सळईभोवतीच्या जमिनीत दर पावलागणिक व्होल्टेज बदलतं. जनावराच्या पुढच्या आणि मागच्या पायांत दीडेक मीटरचं अंतर असतं, खुर ओल्या शेणा-मुतात असतात. माणसाला जेमतेम मुंग्या येतील तिथं बैल कोसळतो. गाय गव्हाणीपाशी यायला बिचकत असेल, पाणी पिताना तोंड मागे घेत असेल, तर तिला हाकू नका. मेन बंद करून वायरमनला बोलवा.

अर्थिंग आहे म्हणून एमसीबी पडेल, हाही गैरसमज. गोठ्याच्या अर्थिंगचा रोध १० ओहम धरला तरी मशीनच्या अंगावर फेज आल्यावर २३ अँपिअर वाहतात. १६ चा एमसीबी तेवढ्यावर झटकन पडत नाही, मशीन मात्र जिवंत राहतं. म्हणून गोठ्यात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (थोडी वीज गळली तरी पडणारा स्विच) लागतोच आणि घराच्या टोकाला १०० मिलिअँपिअरचा टाइम-डिले (जरा उशिरा पडणाऱ्या) प्रकारचा. पावसाळ्यात आरसीसीबी सारखा पडतो म्हणून बायपास करू नका. सगळे प्लग काढा, एकेक लावत जा, ज्याने पडतो ते उपकरण बाजूला ठेवा. काहीच न लावता पडत असेल तर केबल मेगरने (इन्सुलेशन मोजणाऱ्या यंत्राने) तपासून घ्या. वाचन एक मेगाओहमच्या खाली गेलं तर कुठेतरी ओल शिरली आहे. आरसीसीबीच्या पुढे न्यूट्रल आणि अर्थिंग एकत्र बांधलेले असले तरीही तो पडतो.

काळी माती ओली असताना अर्थिंग उत्तम लागतं, पण मे महिन्यात ती भेगाळून अर्थिंगच्या पाइपाला सोडते. उन्हाळ्यात खड्ड्यात पाणी टाकत राहा.

केबलचा रस्ता

भेगाळणारी, फुगणारी हीच माती केबललाही ओढते. म्हणून मध्ये एकही जोड नको, सलग तुकडा घ्या आणि दोन्ही टोकांना एकेक वेटोळं सैल ठेवा. नांगरटीतून न नेता धुऱ्याच्या कडेने न्या. खोली ७५ सेंटिमीटर, तळाला वाळू, केबल, परत वाळू, वर विटांची रांग, मग माती. बंडीवाटेखाली जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप टाका. घराच्या टोकाला ग्लँड (केबल घट्ट धरणारी कडी) लावून आर्मर अर्थिंगला जोडा, म्हणजे कुदळ फेजला लागताच घरचा आरसीसीबी पडेल.

वरून नेणं स्वस्त असतं, पण कडुनिंबाला बांधलेली वायर वाऱ्याने फांदीवर घासत राहते आणि उन्हाने तिचं पीव्हीसी तडकतं. न्यायचीच असेल तर खांब आणि जीआय तारेचा आधार द्या. सार्वजनिक रस्ता ओलांडायचा असेल तर उंची किमान ५.८ मीटर लागते. कुटाराने भरलेली ट्रॉली खालून जाणार आहे, हे विसरू नका.

गोठ्यातला बोर्ड

लाकडी पाटीवरचा उघडा बोर्ड गोठ्यात टिकत नाही. मुताच्या अमोनियाने पितळ हिरवं पडतं, आत कुटाराची धूळ आणि पाली शिरतात. आयपी ६५ चा (धूळ-पाणी आत न शिरणारा) प्लास्टिक बॉक्स बाहेरच्या भिंतीवर, जनावराच्या अंग घासण्यापलीकडे लावा आणि केबल खालून घाला. टिनाच्या कडेवरून वायर कधीच नेऊ नका. वाऱ्याने टिन हलतं, कड इन्सुलेशन कापते आणि सगळं छप्पर जिवंत होतं. तिथं पीव्हीसी पाइप घाला.

परवानगी आणि कुंपण

मीटर ज्या जागेसाठी मंजूर आहे त्याबाहेर वीज वापरणं वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली अनधिकृत वापर ठरतं. गोठा वेगळ्या गटात असेल तर महावितरणकडे वेगळ्या जोडणीचा अर्ज करा. रानडुकरांसाठी गोठ्यातली वीज थेट कुंपणाच्या तारेत सोडू नका, त्याने माणसं मरतात आणि तो गुन्हा आहे. झटका मशीन प्रमाणित घ्या आणि त्याची अर्थिंगची सळई गोठ्याच्या अर्थिंगपासून किमान १० मीटर दूर ठोका.

आरसीसीबीवरचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबा. दाबल्यावर तो पडला नाही, तर नवा बसेपर्यंत गोठ्याची लाइन घरूनच बंद ठेवा.