नॅसवरून बघायला मीडिया प्लेअर घेताय? या चुका टाळा

घरात नॅस, म्हणजे नेटवर्कवरून सगळ्यांना फाइली देणारी साठवणीची पेटी, बसला की चार दिवसांत प्रश्न येतोच: "टीव्हीला कुठला प्लेअर लावू?" मी उलट विचारते, "नॅसवर आहे काय?" बहुतेकांना नीट सांगता येत नाही. कुणी म्हणतं "सगळंच आहे", कुणी म्हणतं "बरंचसं फोरके आहे". मग यूट्यूबवरची दोन-तीन परीक्षणं बघून, सेल लागला की एखादी डबी मागवली जाते. थोड्या दिवसांनी परत फोन. चित्र अडकतंय, आवाज येत नाही, सबटायटलच्या जागी चौकोन दिसतायत.

प्लेअर सगळ्यात शेवटी निवडायचा असतो. आधी फाइली, मग टीव्ही आणि साउंडबार, मग वायर, आणि त्यानंतर डबी. हा क्रम उलटा केला की पैसे जातात आणि दोष भलत्याच वस्तूवर जातो.

फाइली न बघता खरेदी

मीडियाइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे. फाइल त्यात टाकली की आतला व्हिडिओ एचईव्हीसी आहे की एच.२६४ (व्हिडिओ दाबून साठवायच्या या दोन पद्धती), दहा बिटचा आहे का, आवाज कुठल्या प्रकारचा, सबटायटल चित्रांचे आहेत की मजकुराचे, सगळं समोर येतं. दहा मिनिटांचं काम आहे आणि तेच लोक करत नाहीत.

माझी सवय अशी की नॅसवर 'चाचणी' नावाचा एक फोल्डर कायम ठेवायचा आणि त्यात आपल्या संग्रहातल्या सगळ्यात अवघड फाइली टाकायच्या. स्वतःच्या फोरके ब्लू-रेवरून काढलेली एक मोठी फाइल, आयफोनवर काढलेला एचडीआर व्हिडिओ, डीटीएस आवाजाची एक फाइल, ब्लू-रेचे चित्ररूपी सबटायटल असलेली एक, मराठी सबटायटल असलेली एक आणि घरातलं एखादं जुनं चित्रीकरण. नवा प्लेअर आला की परत करायची मुदत संपायच्या आत हा फोल्डर पहिल्यापासून शेवटपर्यंत चालवायचा. दुकानातल्या डेमो व्हिडिओवर प्लेअर कधीच जोखू नका. तो कुठल्याही डबीवर सुंदरच दिसतो.

लग्नाची कॅसेट विसरणे

ही चूक मला सगळ्यात जास्त खुपते. लोक प्लेअर निवडताना फोरके, डॉल्बी व्हिजन, ॲटमॉस यांचा विचार करतात आणि नॅस घेण्याचं खरं कारण विसरतात. आपल्याकडे अनेक घरांत नॅस येतो तो जुने व्हिडिओ एका जागी ठेवायला: आईबाबांचं लग्न, मुंज, बारसं, आजीची पंचाहत्तरी. यातलं बरंचसं व्हीएचएस, मिनी डीव्ही किंवा व्हीसीडीवर आहे. या चित्रीकरणाची रचना आजच्या फाइलींपेक्षा वेगळी असते आणि स्वस्त डबी नेमकी तिथेच अडते.

आपल्याकडचं कॅसेटवरचं चित्रीकरण पाल पद्धतीचं. सेकंदाला २५ चित्रं, पण प्रत्येक चित्र दोन अर्ध्यांत साठवलेलं: एकात विषम ओळी, दुसऱ्यात सम ओळी. यालाच इंटरलेस्ड म्हणतात. जुना पिक्चर ट्यूबचा टीव्ही ओळी याच पद्धतीने दाखवायचा, त्यामुळे काही जाणवत नसे. आताचा टीव्ही पूर्ण चित्र एकदम दाखवतो. मधल्या प्लेअरने ते दोन अर्धे नीट जुळवले नाहीत, तर हलणाऱ्या प्रत्येक वस्तूच्या कडेला कंगव्याच्या दातांसारख्या रेषा उमटतात.

नात्यातल्या एका घरी हे झालं. मुलाने आईवडिलांच्या लग्नाची कॅसेट डिजिटल करून आणली होती. मंगलाष्टकं चालू, सगळ्यांचे हात अक्षता टाकायला वर, आणि प्रत्येक हाताभोवती आडव्या रेषांची झालर. काकू म्हणाल्या, "कॅसेट खराब झाली गं." मुलगा ती फाइल दुसऱ्या स्टुडिओकडे घेऊन गेला. त्यांनी 'एचडी' करून देतो म्हणून पैसे घेतले आणि त्या रेषांसकट चित्र मोठं करून दिलं. आता रेषा फाइलीतच कायमच्या बसल्या. सुदैवाने पहिली फाइल नॅसवर होती. तीच मी लॅपटॉपवर व्हीएलसीमध्ये उघडली, डीइंटरलेस चालू केलं आणि हात स्वच्छ दिसायला लागले. कॅसेट उत्तम होती. टीव्हीतल्या ॲपमध्ये ही सोयच नव्हती. त्या घरी आता अँड्रॉइड बॉक्सवर कोडी नावाचं प्लेअर सॉफ्टवेअर चालतं, त्यात डीइंटरलेस स्वयंचलित ठेवलंय.

तेव्हा कॅसेट डिजिटल करून घेताना मूळ इंटरलेस्ड फाइलच मागा आणि ती जपा. 'फोरके करून देतो' म्हणणाऱ्याला हात लावू देऊ नका. सुधारणा पुढे कधीही करता येते, पुसलेलं परत आणता येत नाही.

व्हीसीडीचंही ऐका. तिच्यात एमपीईजीएव्ही नावाच्या फोल्डरमध्ये डॅट फाइल असते. आत साधा एमपेग-१ व्हिडिओ असतो, ३५२ बाय २८८ चा. पुष्कळ ॲप ती फाइल यादीतसुद्धा दाखवत नाहीत आणि लोकांना वाटतं की सीडी गेली. व्हीएलसी ती चालवतं. पुन्हा एन्कोड न करता, नुसतं वेष्टन बदलून एमपीजी करून ठेवली की बाकीचे प्लेअरही ओळखतात. हे काम लवकर करा, कारण घरोघरच्या त्या लिहिलेल्या सीडी वर्षागणिक वाचेनाशा होतायत.

भिंतीतल्या वायरीवर विश्वास

ठाण्यातल्या एका परिचितांकडे मोठी फोरके फाइल मारामारीच्या प्रसंगात हमखास अडकायची. संवाद चालू असले की ठीक, गाड्या उडायला लागल्या की गोल चक्र. त्यांनी आधी टीव्हीच्या मागे खोचायची स्टिक बदलून महागडा बॉक्स घेतला. तरी तेच. मग दुकानदाराने सांगितलं, नॅस कमजोर आहे, मोठा घ्या. तेवढ्यात त्यांनी मला बोलावलं.

मी आधी राउटरच्या पानावर टीव्हीजवळच्या जोडणीचा वेग बघितला. १०० एमबीपीएस, म्हणजे सेकंदाला १०० मेगाबिट. नॅस, राउटर, बॉक्स तिघंही एक गिगाबिटचे, म्हणजे हजार एमबीपीएसचे, मग मध्ये शंभरावर कोण आणतंय? भिंतीतली पट्टी उघडली. केबल चांगली कॅट-६ होती, पण फर्निचरच्या वेळी इलेक्ट्रिशियनने आठांपैकी नारिंगी आणि हिरव्या जोडीच्या चारच तारा जोडल्या होत्या. निळी जोडी लँडलाइनला दिलेली, तपकिरी नुसती गुंडाळून ठेवलेली. गिगाबिटला आठही तारा लागतात. चारच मिळाल्या की दोन्ही बाजू मुकाट १०० वर येतात, कुणी सूचना देत नाही.

आता हिशोब करा. दोन तासांचा चित्रपट ६० जीबीचा असेल तर सरासरी होते सेकंदाला ६७ मेगाबिटच्या आसपास. ती १०० मध्ये बसते. पण धावपळीच्या दृश्यांत हाच आकडा क्षणभर शंभराच्या वर जातो. फोरके ब्लू-रेची कमाल मर्यादाच शंभराच्या वर आहे. म्हणून संवाद सुरळीत आणि मारामारी अडखळत. लँडलाइन त्यांच्याकडे कधीच बंद झाली होती. दोन्ही टोकांना आठही तारा जोडून घेतल्या, वेग हजारावर गेला, आणि कपाटात टाकलेल्या जुन्या स्टिकलासुद्धा लॅन ॲडॉप्टर घ्यावा का, असा विचार ते करायला लागले. तिथे मी थांबवलं: पुष्कळ स्टिकचे लॅन ॲडॉप्टर १०० एमबीपीएसचेच असतात. पाच गिगाहर्ट्झचं वायफाय जवळ असेल तर ते त्याहून वेगाने चालतं.

तीच गोष्ट टीव्हीची. अगदी महागड्या टीव्हींमध्येही लॅन पोर्ट बहुधा १०० चाच असतो. 'वायर लावली म्हणजे वेगवान' हे टीव्हीच्या बाबतीत खरं नाही. ॲपल टीव्ही फोरकेचं २०२२चं मॉडेल घेत असाल तर ६४ जीबीच्या प्रकाराला लॅन पोर्टच नाही, तो १२८ जीबीच्या प्रकाराला आहे. लोक साठवणीकडे बघून स्वस्तातला घेतात आणि घरी आल्यावर वायर हातात धरून बसतात.

अंदाज बांधू नका, मोजा. नॅसवर आणि लॅपटॉपवर आयपर्फ हे वेग मोजायचं सॉफ्टवेअर चालवा, लॅपटॉप टीव्हीच्या जागी नेऊन. ९४-९५ आला तर कुठेतरी शंभराची गाठ आहे. ९०० च्या पुढे आला तर वायरीचा प्रश्न मिटला, आता प्लेअरकडे बघा.

नॅसला विनाकारण राबवणे

प्लेअरला फाइल झेपली नाही की प्लेक्स किंवा जेलीफिनसारखं सर्व्हर सॉफ्टवेअर ती नॅसवर चालता-चालता बदलून पाठवतं. याला ट्रान्सकोडिंग म्हणतात. छोट्या नॅसचा प्रोसेसर यात दमतो, पंखा ओरडतो आणि लोक नवा नॅस शोधायला लागतात. शोधतानाही गोंधळ होतो. सायनॉलॉजीचा डीएस९२३+ हा जुन्या डीएस२२०+ पेक्षा मोठा आणि महाग, पण त्याच्या रायझन प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नाही, त्यामुळे हार्डवेअर ट्रान्सकोडिंग नाही. डीएस२२०+ च्या सेलेरॉनमध्ये ते आहे.

माझं स्पष्ट मत आहे की घरातल्या टीव्हीसाठी ट्रान्सकोडिंगची गरजच पडता कामा नये. फाइल आहे तशी चालवेल असा प्लेअर घ्या. चित्रपट चालू असताना सर्व्हरचा डॅशबोर्ड उघडा. तिथे डायरेक्ट प्ले (फाइल आहे तशी) लिहिलंय की ट्रान्सकोड ते बघा, जेलीफिनमध्ये तर कारणही लिहिलेलं असतं. आवाज बदलत असेल तर फारसा भार नाही. चित्र बदलत असेल तर थांबा आणि कारण शोधा. बऱ्याचदा ते सबटायटल निघतात. ब्लू-रेचे सबटायटल म्हणजे छोटी-छोटी चित्रं. प्लेअरला ती दाखवता येत नसतील तर सर्व्हर ती प्रत्येक फ्रेमवर रंगवून पाठवतो, म्हणजे पूर्ण व्हिडिओ नव्याने बनवतो. मजकुराचे एसआरटी सबटायटल लावले की हा ताण तिथल्या तिथे संपतो.

मराठी सबटायटल न तपासणे

एसआरटी फाइल यूटीएफ-८ या युनिकोड पद्धतीत साठवलेली हवी, नोटपॅडमध्ये सेव्ह ॲज करताना ते निवडता येतं. जुन्या, युनिकोडपूर्व फाँटमध्ये टाइप केलेली असेल तर इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसेल, ती आधी युनिकोडमध्ये बदलावी लागते. आणि फाइल बरोबर असूनही काही प्लेअर देवनागरी जुळवत नाहीत: 'कि' मधली वेलांटी क च्या पुढे जाऊन बसते, 'स्त्री' तीन तुकड्यांत दिसते. चाचणीच्या फाइलीत मी 'दुसऱ्या स्त्रीची स्थिती' अशी एक ओळ घालून ठेवते. ती नीट दिसली की बाकी मराठी दिसतं. घरात आजी-आजोबा सबटायटल वाचत असतील तर या एका कारणावरून प्लेअर नाकारायला हरकत नाही.

बाकीच्या चुका, थोडक्यात

आवाजच येत नाही? सॅमसंगने २०१८ पासून टीव्हींमधून डीटीएस काढलं, एलजीच्या २०२० ते २०२२ च्या मॉडेल्समध्येही ते नाही. तिथे टीव्हीतल्या ॲपवर विसंबू नका, डीटीएस उलगडणारा प्लेअर घ्या. ब्लू-रेचा ट्रूएचडी आवाज टीव्हीमार्गे साउंडबारला जायला ईआर्क (टीव्हीकडून आवाज परत पाठवायची एचडीएमआयची वाढीव सोय) लागतं, साधं आर्क पुरत नाही.

सॅमसंगचा टीव्ही असेल तर डॉल्बी व्हिजनच्या नावाखाली डबीला जादा पैसे मोजू नका. तो टीव्ही ते दाखवतच नाही.

जुना प्लेअर नॅसवर एसएमबी-१ (नेटवर्कवरून फाइली देण्याघेण्याची जुनी पद्धत) चालू करायला सांगत असेल तर प्लेअर बदला. २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस याच जुन्या एसएमबीच्या भोकातून पसरला. एनएफएस ही दुसरी पद्धत चालत असेल तर ती वापरा.

अनोळखी नावाच्या स्वस्त अँड्रॉइड डब्या नकोत. २०२३ मध्ये टी९५ नावाच्या डबीत आधीपासून घातलेलं मालवेअर सापडलं होतं. अशी डबी तुमच्या नॅसच्याच नेटवर्कवर बसते, जिथे घरातले सगळे फोटो आहेत. कोडीचे 'तयार बिल्ड', म्हणजे अनोळखी माणसाने सगळं भरून ठेवलेली मांडणी, डाउनलोड करणाऱ्यांनाही हेच सांगणं. पाच मिनिटं वाचवायला कुणाच्याही हाती घराची किल्ली देऊ नका.

परदेशातल्या मुलांना बघता यावं म्हणून राउटरवर पोर्ट उघडून नॅस थेट इंटरनेटवर ठेवू नका. २०२२ मध्ये डेडबोल्ट या खंडणी मागणाऱ्या मालवेअरने इंटरनेटवर उघडे असलेले क्यूनॅपचे नॅस कुलूपबंद केले. टेलस्केल किंवा वायरगार्डसारखं व्हीपीएन, म्हणजे बाहेरून घरच्या नेटवर्कवर यायचा सुरक्षित खाजगी मार्ग, लावा.

प्लेक्स-जेलीफिनमध्ये मराठी चित्रपटांना भलतीच पोस्टर लागतात, कारण एकाच नावाचे अनेक चित्रपट आहेत. फाइलीच्या नावात कंसात वर्ष लिहा.

नॅस रोज सापडत नाही? राउटरमध्ये त्याचा आयपी पत्ता कायमचा राखून ठेवा.

पहिला व्हिडिओ सुरू व्हायला काही सेकंद लागतात आणि पुढचे लगेच सुरू होतात, याचा अर्थ डिस्क झोपली होती. प्लेअर बदलून उपयोग नाही.

कॅमेरा सावकाश फिरताना चित्र हलकेच झटके खात असेल तर फ्रेम रेट जुळवण्याची सेटिंग चालू करा. ॲपल टीव्हीत 'मॅच फ्रेम रेट', कोडीमध्ये 'ॲडजस्ट डिस्प्ले रिफ्रेश रेट'. त्याआधी बाकी काही बदलू नका. घाईघाईत तीन सेटिंग एकदम फिरवल्या की नेमकं कशाने सुधारलं ते कळत नाही, आणि पुढच्या वेळी बिघडलं की सगळं पहिल्यापासून शोधावं लागतं.