कमी अल्कोहोलची पेल एल घरी चाखताय? खानदेशच्या उन्हात या चुका टाळा

कमी अल्कोहोलची पेल एल, ही फिकट रंगाची बिअर, म्हणजे नुसतं कडवट पाणी, अशी तक्रार जळगाव-धुळ्याकडे हमखास ऐकू येते. माझ्या मते यातल्या बऱ्याच तक्रारींचं मूळ ब्रुअरीत नसून आपल्या घरात असतं. आपल्याकडे सवय स्ट्राँगची, म्हणजे ५ ते ८ टक्क्यांच्या बिअरची. तिच्यातला अल्कोहोल आणि गोडवा बरेच दोष झाकतो. साडेतीन टक्क्यांच्या एलला असा आडोसा नाही. तिचा सगळा जीव हॉप्सच्या, म्हणजे बिअरला कडूपणा आणि वास देणाऱ्या फुलांच्या, वासात आहे. सिट्रा, कॅस्केड या हॉप्सच्या जातींमुळे संत्र्याच्या सालीचा, पपनसाचा वास येतो. तो उडाला की मग खरंच कडवट पाणीच उरतं.

तो उडतो कुठे? सगळ्यात जास्त वाटेत आणि साठवणीत. पुण्या-नाशिकहून येताना खोकं गाडीच्या डिकीत टाकलं जातं. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४४-४५ अंशांवर असतो आणि उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत त्याहूनही जास्त. इतक्या उष्णतेत बिअरमधलं ऑक्सिडेशन, म्हणजे ऑक्सिजनमुळे होणारी खराबी, झपाट्याने वाढतं, हॉप्सचा वास मावळतो आणि ओल्या पुठ्ठ्यासारखी चव येते. नंतर कितीही गार करा, ती चव जात नाही. त्यामुळे उन्हाळ्यात आणायचीच तर बर्फाच्या पेटीतून, रात्रीच्या प्रवासात आणा. घेताना पॅकिंगची तारीख बघा. एक्सपायरी लांब असली तरी हॉप्सचा वास पहिल्या दोन-तीन महिन्यांतच खरा. गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत तर खोकं अजिबात ठेवू नका.

उजेडाचंही तसंच. हॉप्समधल्या कडू घटकांवर ऊन पडलं की गंधकयुक्त रसायन तयार होतं आणि जळक्या रबरासारखा उग्र दर्प सुटतो. हिरव्या किंवा पांढऱ्या काचेच्या बाटलीत, थेट उन्हात, हे काही मिनिटांत होतं. तपकिरी बाटली बरीच टिकाव धरते. कॅन सगळ्यात उत्तम.

आता फ्रीझर. बाहेर लू चाललेली असताना बाटली फ्रीझरमध्ये टाकायचा मोह होतो, पण अल्कोहोल जितका कमी तितकी बिअर लवकर गोठते. अर्ध्या टक्क्याची एल शून्याच्या जरा खालीच गोठायला लागते आणि विसरलात तर काच फुटते. शिवाय बर्फगार एलला वासच येत नाही. फ्रिजच्या खालच्या कप्प्यातून काढा, आपल्या हवेत चार-पाच मिनिटं थांबा आणि साधारण ६ ते १० अंशांवर चाखा. एकदम पूर्ण ग्लास भरू नका, थोडी थोडी ओता. पंख्याखाली ठेवलेला भरलेला ग्लास बघता बघता कोमट होतो.

ग्लासकडे लोक फारच दुर्लक्ष करतात. ओतल्यावर काचेला आतून बुडबुडे चिकटून राहिले तर समजा, ग्लासला साबणाचा किंवा तेलाचा अंश आहे. फेस बसतो आणि फेसाबरोबर वासही जातो. भांडी घासायच्या काथ्याने ग्लास घासू नका, त्याला शेंगदाणा तेल लागलेलं असतंच. वेगळ्या स्पंजने धुवा, भरपूर पाण्याने खळबळा आणि न पुसता पालथा ठेवा. ओतताना ग्लास आधी तिरपा, मग सरळ. वर दोन बोटं फेस हवा. थेट बाटलीतून प्यायलात तर नाकाला काही कळत नाही. आधी हुंगा, मग घोट घ्या आणि गिळा, कारण कडूपणा गिळल्यावर खरा उमटतो.

भरताच्या पार्टीत चाखणी करणं ही आपली खास खानदेशी चूक. जळगावच्या भरताच्या वांग्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, आहे आणि ते भरीत मला जिवाभावाचं आहे, पण हिरवी मिरची, लसूण आणि कच्चा कांदा तोंडात असताना हॉप्सचा नाजूक वास कळणार कसा? त्यात कडूपणा आणि बुडबुडे तिखटाची आग आणखी भडकवतात. शेवभाजीचंही तेच. पहिले चार घोट नुसते घ्या. मग हलक्या मिठाचे केळीचे वेफर्स घ्या, ते सुरेख जमतात.

केळीवरून आठवलं. पिकलेल्या केळीला वास देणारं आयसोअमिल अॅसिटेट हे रसायन बिअर आंबवणारं यीस्टही तयार करतं. जर्मन पद्धतीच्या गव्हाच्या बिअरमध्ये ते हवंच असतं, पण पेल एलमध्ये केळी ठळक लागली तर बहुधा आंबवणं जास्त उष्णतेत झालेलं असतं. रावेर-यावलच्या केळीपट्ट्यातल्या माणसाला हा वास दुसऱ्या कुणी ओळखून द्यायची गरज नाही. उकडलेल्या बटाट्याचा किंवा शिजल्या धान्याचा वास मात्र अर्ध्या टक्क्याच्या बिअरमध्ये वारंवार भेटतो. आंबवणं अर्ध्यावर थांबवलं की तो उरतो. तो दोष तुमच्या फ्रिजचा नाही, तिथे ब्रुअरीच बदला.

कमी म्हणजे शून्य नव्हे. साडेतीन टक्क्यांच्या ६५० मिलीच्या बाटलीत साधारण २३ मिली अल्कोहोल असतो. सात टक्क्यांच्या ३३० मिलीच्या बाटलीतही तेवढाच. चाखणीनंतर गाडीची किल्ली दुसऱ्याकडे द्या. नवापूरकडच्यांनी उरलेली बाटली घेऊन गुजरातची हद्द ओलांडू नये, तिकडे दारूबंदी आहे.

आणि उघडलेला कॅन उद्यासाठी ठेवू नका. बुडबुडे जातातच, शिवाय अल्कोहोल कमी असल्याने ही बिअर स्ट्राँगपेक्षा लवकर खराब होते.