खेड्यात गायनवर्ग चालवताना

विदर्भातल्या खेड्यात राहून मैफलीही करायच्या आणि मुलींना गाणेही शिकवायचे, असे ज्या गायिकेने ठरवले असेल, तिने प्रत्येक मुलीची पट्टी, म्हणजे ती ज्या सुराला आपला ‘सा’ मानून गाते तो सूर, आधी शोधावी. भजनी मंडळाची पेटी बहुधा पुरुषांच्या सोयीने काळी एक किंवा दोनमध्ये, म्हणजे पहिल्या किंवा दुसऱ्या काळ्या सुराला ‘सा’ धरून, वाजते आणि तिच्याबरोबर गाऊन मुलींचा आवाज एकतर खाली दबतो किंवा वर ताणला जातो. तंबोऱ्यावर काळी चार, मग काळी पाच लावून पाहावी. जिथे मंद्र पंचम (खालच्या सप्तकातला ‘प’) स्पष्ट लागतो आणि तार गंधार (वरच्या सप्तकातला ‘ग’) घेताना हनुवटी वर जात नाही, ती पट्टी तिची. पाश्चात्त्य संगीतातील सोप्रानो हा स्त्रियांचा सर्वांत उंच आवाजदेखील असाच, मूळचा पल्ला ओळखून घडवतात.

कापूस वेचणीच्या दिवसांत वर्ग संध्याकाळी ठेवावा. स्वतःचा खर्जाचा (खालच्या सुरांचा) रियाज मात्र पहाटेच करावा आणि वर्गात पलटा (सरावासाठीची स्वरांची रचना) एकदाच गाऊन दाखवून पुढे हातानेच स्वर सुचवावा, कारण प्रत्येकीसाठी गात राहिलेला गळा मैफलीत साथ देत नाही. पालकांनी कितीही आग्रह धरला, तरी षड्ज (‘सा’) स्थिर होईपर्यंत मुलीला गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक परीक्षेला बसवू नये.