निवडणूक निकालाला आव्हान देताना या चुका टाळा

निवडणूक याचिकेची सर्वांत दुःखद अखेर म्हणजे एकही साक्षीदार तपासला जाण्यापूर्वी ती फेटाळली जाणे. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ मधील कलम ८१ (मुदत व प्रती), ८२ (प्रतिवादी) किंवा ११७ (खर्चाची हमी) यांचे पालन झाले नसेल, तर कलम ८६ प्रमाणे उच्च न्यायालयाला याचिका फेटाळावीच लागते. तक्रार कितीही खरी असली तरी तेथे सवलत नाही.

पहिली चूक मार्गाची होते. अर्ज छाननीत चुकीने बाद झाला, म्हणून निवडणूक सुरू असतानाच अनेक जण रिट याचिका (अधिकाऱ्याला न्यायालयाने आदेश द्यावा, अशी याचिका) घेऊन धावतात. संविधानाच्या अनुच्छेद ३२९ ने हा मार्ग अडवलेला आहे आणि सर्वोच्च न्यायालयाने १९५२ मध्येच पोन्नुस्वामी खटल्यात ते स्पष्ट केले. लोकसभा किंवा विधानसभेची निवडणूक निकालानंतर, उच्च न्यायालयात निवडणूक याचिका दाखल करूनच आव्हानित करता येते. ही याचिका कोणताही उमेदवार किंवा त्या मतदारसंघाचा मतदार दाखल करू शकतो.

मुदत ४५ दिवसांची आहे. ती निवडणूक निर्णय अधिकाऱ्याने निकाल जाहीर केल्याच्या तारखेपासून मोजतात, राजपत्रातील प्रसिद्धीपासून नव्हे. महाराष्ट्र विधानसभेचा निकाल २३ नोव्हेंबर २०२४ रोजी लागला, म्हणजे ७ जानेवारी २०२५ हा शेवटचा दिवस होता. येथे विलंबमाफी मिळत नाही. म्हणून शेवटच्या आठवड्याची वाट पाहू नये आणि न्यायालयाला सुट्टी असली तरी निबंधक कार्यालय याचिका स्वीकारते का, याची चौकशी आधीच करावी. याचिका सादर करताना याचिकाकर्त्याने स्वतः हजर राहावे. केवळ वकिलाला पाठवणे धोक्याचे आहे.

त्याच वेळी खर्चाच्या हमीपोटी २,००० रुपये न्यायालयात जमा करावे लागतात. रक्कम लहान आहे, पण ती न भरल्यास याचिका संपते. जितके प्रतिवादी तितक्या प्रती जोडाव्यात आणि ‘खरी प्रत’ असे लिहून प्रत्येक प्रतीवर याचिकाकर्त्याने स्वतः सही करावी.

प्रतिवादी कोण, हे तुम्ही काय मागता यावर ठरते. फक्त निवडणूक रद्द करा अशी मागणी असेल तर विजयी उमेदवार पुरेसा असतो. मात्र ‘मला विजयी घोषित करा’ अशीही मागणी असेल तर निवडणूक लढवलेले इतर सर्व उमेदवार जोडावे लागतात, अगदी दोन-अडीचशे मते मिळालेला अपक्षसुद्धा. शिवाय ज्या उमेदवारावर भ्रष्ट आचरणाचा, म्हणजे लाच देण्यासारख्या कायद्यात नमूद गैरप्रकाराचा आरोप आहे तोही हवा, त्याने अर्ज मागे घेतलेला असला तरी. उलट मंत्री, आयोग, अधिकारी यांना रागाच्या भरात ओढू नये. १९८२ च्या ज्योती बसू खटल्यात मुख्यमंत्र्यांसह मंत्र्यांची नावे वगळावी लागली होती.

मसुद्यातली मोठी चूक मात्र मोघमपणाची आहे, आणि तिच्यावर मी सर्वाधिक जोर देईन. ‘विरोधकांनी सर्वत्र पैसे वाटले’ हे वाक्य मला कित्येक कच्च्या मसुद्यांत दिसले आहे. कायदेशीरदृष्ट्या त्याला काही अर्थ नाही. पैसे कोणी दिले, कोणाला दिले, कोणत्या तारखेला, कोणत्या ठिकाणी, आणि उमेदवाराची संमती कशावरून दिसते, हे लिहावे लागते. भ्रष्ट आचरणाच्या आरोपांना आधार देणारे प्रतिज्ञापत्रही विहित नमुन्यात जोडावे लागते. १९६७ च्या दक्षिण मुंबईतील जॉर्ज फर्नांडिस यांच्या विजयाविरुद्धच्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने हेच बजावले, की मुदत संपल्यावर दुरुस्तीच्या नावाखाली नवे आरोप घुसवता येत नाहीत.

बेकायदा मते मोजली गेली, अशी तक्रार असेल तर निकालावर प्रत्यक्ष परिणाम झाला हे दाखवावे लागते. विजयाचे अंतर ४१२ असताना ९० मतांची गडबड सिद्ध करून भागत नाही. विजयी उमेदवाराने स्वतः केलेले भ्रष्ट आचरण सिद्ध झाले, तर मात्र हे गणित मांडावे लागत नाही. फेरमोजणीची मागणी तर जागच्या जागी, निकालपत्रकावर सही होण्यापूर्वी, कारणांसह लेखी द्यावी, आणि प्रत्येक मतदान केंद्राचा १७-सी नमुना (तेथे नोंदवलेल्या मतांचा हिशेब) मतदान प्रतिनिधीकडून त्याच संध्याकाळी घ्यावा. नंतर हीच कागदपत्रे कामी येतात.

ग्रामपंचायतीचा नियम वेगळा आहे. तेथे मुदत फक्त १५ दिवसांची असून अर्ज दिवाणी न्यायाधीशाकडे करायचा असतो; ४५ दिवस आहेत असे समजून थांबलेल्या उमेदवाराच्या हातून ती सहज निसटते.