बिगडेसिमल तयार करतानाच्या प्रकार-रूपांतराच्या चुका कशा टाळाव्यात

जावा या प्रोग्रामिंग भाषेत पैशांच्या हिशेबासाठी बिगडेसिमल (BigDecimal) हा दशांश संख्या अचूक साठवणारा क्लास वापरतात. त्याचे ऑब्जेक्ट एकदा तयार झाले की त्यातील किंमत बदलता येत नाही. त्यामुळे किंमत चुकीची दिसली, तर ते ऑब्जेक्ट जिथे तयार झाले ती ओळ आधी तपासावी. पुष्कळदा चूक कन्स्ट्रक्टरला, म्हणजे ऑब्जेक्ट घडवणाऱ्या कोडला, हाक जाण्याआधीच झालेली असते.

कन्स्ट्रक्टरला ०.१ ही संख्या अवतरणचिन्हांशिवाय दिली, तर कंपायलर ती डबल, म्हणजे दशांश संख्या बायनरीत साठवणारा प्रकार, मानतो. डबलमध्ये ०.१ अचूक मावत नसल्याने, त्याहून किंचित मोठी आणि दशांशचिन्हानंतर तब्बल ५५ अंक असलेली संख्या ऑब्जेक्टमध्ये कायमची बसते. यात कन्स्ट्रक्टरचा दोष नाही, कारण हाती आलेला डबल त्याने जसाच्या तसा उतरवून घेतलेला असतो. म्हणून किंमत स्ट्रिंग, म्हणजे अवतरणचिन्हांतला मजकूर, म्हणून द्यावी. डबलच हाती असेल, तर व्हॅल्यूऑफ ही मेथड वापरावी, कारण ती आधी डबलची स्ट्रिंग करते आणि मग त्या स्ट्रिंगवरून ऑब्जेक्ट घडवते.

मात्र व्हॅल्यूऑफवरही डोळे झाकून विसंबू नये. तिला फ्लोट (डबलहून कमी अचूक असलेला प्रकार) दिला की त्याचा मुकाट्याने डबल होतो आणि ०.१ च्या जागी ०.१०००००००१४९०११६१२ मिळते. त्याहून फसवे प्रकरण भागाकाराचे आहे: दर हे व्हेरिएबल इंट (पूर्णांक) असून त्यात १८ असेल आणि व्हॅल्यूऑफच्या कंसात दर भागिले १०० असे लिहिले, तर पूर्णांकी भागाकार आधी होऊन शून्य उरते, आणि कंपायलर चकार शब्द काढत नाही. अशा वेळी १८ चे बिगडेसिमल करून मग मूव्हपॉइंटलेफ्टने दशांशचिन्ह दोन घरे डावीकडे सरकवावे.

व्हॅल्यूऑफला १०० दिले तर स्केल, म्हणजे दशांशचिन्हानंतरच्या अंकांची संख्या, ० येते, १००.० दिले तर १. समानता तपासणारी इक्वल्स ही मेथड स्केलही पाहत असल्यामुळे ही दोन ऑब्जेक्ट तिला वेगळी वाटतात आणि हॅशमॅपमध्ये (की-किंमत जोड्या ठेवणाऱ्या संग्रहात) दोन वेगळ्या की तयार होतात. केवळ किंमत ताडायची असेल, तर कंपेअरटू वापरावे.

स्केल ठरवणाऱ्या सेटस्केलने नंतर डागडुजी करणारे पुष्कळ आहेत. ती मेथड नवे ऑब्जेक्ट परत करते, ते व्हेरिएबलमध्ये ठेवले नाही तर जुनेच पुढे जाते. त्यापेक्षा रकमेसाठी स्वतंत्र क्लास करावा, त्याचा कन्स्ट्रक्टर प्रायव्हेट (बाहेरून न वापरता येणारा) ठेवावा आणि बाहेरून फक्त स्ट्रिंग घेणारी एकच स्टॅटिक (ऑब्जेक्टशिवाय थेट क्लासवरून वापरता येणारी) मेथड द्यावी, म्हणजे डबल देणारी ओळ कंपाइलच होणार नाही.