तरुण घोड्याचा पाय जायबंदी झालाय? या चुका टाळा

“पण घोडं चालतंय हो व्यवस्थित!” पायाच्या दुखापतीबद्दल मला जे फोन येतात, त्यातले बरेचसे याच वाक्याने सुरू होतात. चालतंय म्हणून डॉक्टरांना बोलावलं नाही, चालतंय म्हणून बँडेज काढलं, चालतंय म्हणून मोकळं सोडलं. घोड्याच्या पायाबाबत याच्याइतकी फसवी खूण दुसरी नाही.

घोडं म्हणजे पळून जीव वाचवणारं जनावर. दुखणं लपवणं त्याच्या रक्तातच आहे. त्यात पुढच्या गुडघ्याच्या आणि हॉकच्या, म्हणजे मागच्या पायाच्या मधल्या मोठ्या सांध्याच्या, खाली पायाला मांस जवळजवळ नसतंच. कातडी, तिच्या लगेच खाली टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी), सांध्याच्या पिशव्या आणि हाड. मांडीवरची तळहाताएवढी जखम बघवत नाही, पण ती बहुतेक वेळा भरून येते. फेटलॉकपाशी, म्हणजे खुराच्या वरच्या मोठ्या सांध्यापाशी, झालेली बोटभर चीर मात्र थेट सांध्यात उतरलेली असू शकते. तरुण घोड्यात आणखी दोन भानगडी असतात: हाडं अजून वाढत असतात आणि अक्कल अजून यायची असते.

छोट्या भोकाला ‘किरकोळ’ म्हणणं

ही माझी सगळ्यात नावडती चूक, म्हणून हिच्यावर जरा जास्त बोलतो.

दोन वर्षांची एक घोडी होती. कुंपणाची फळी लागून मागच्या पायाला, फेटलॉकच्या बाहेरच्या अंगाला भोक पडलं होतं, बोटाच्या नखापेक्षाही लहान. रक्त म्हणावं तर दोन थेंब. मालकाने वरून निळा स्प्रे मारला, घरात असलेली फेनिलब्युटाझोन या वेदनाशामकाची पुडी चंदीत कालवून दिली आणि घोडी सोडून दिली. ती दिवसभर उड्या मारत होती. दुसऱ्या दिवशीही तेच. भोकातून थोडं पिवळट पाणी येत होतं, ते तो कापसाने पुसत होता. मग भोक बंद झालं आणि मला फोटो आला: “बघा, भरलं पण!”

पुढच्या सकाळी घोडी तीन पायांवर उभी. चौथा पाय जमिनीला टेकवायला तयार नाही, अंगाला घाम, पुढ्यातल्या गवताला तोंड लावलेलं नाही. मी गेलो तेव्हा भोकाखालच्या केसांवर ते पिवळं पाणी वाळून खपली धरलेलं होतं. मालक त्याला जखमेतली ‘लस’ म्हणत होता. ते सांध्यातलं वंगण होतं. ताजं असताना बोटांत धरून बोटं लांब केली की अंड्यातल्या पांढऱ्यासारखी त्याची तार निघते. जखमेतून असं काही येताना दिसलं की स्प्रेची बाटली खाली ठेवायची आणि फोन उचलायचा.

घोडी आधी का लंगडली नाही? भोक उघडं होतं तोवर आतलं पाणी वाहून जात होतं, सांध्यात दाब धरत नव्हता. वर फेनिलब्युटाझोन होतंच, दुखणं झाकायला. भोक मिटलं, जंतू आत कोंडले गेले, पू भरला आणि मग दाब वाढला. म्हणजे मालक ज्या दिवशी खूश होता, तोच सगळ्यात वाईट दिवस होता. सांधा पहिल्या 24 तासांत निर्जंतुक सलाइनने धुतला तर बरं होण्याची शक्यता चांगली असते. तिथून पुढे प्रत्येक दिवस सांध्यातली कूर्चा खात जातो, आणि ती पुन्हा पहिल्यासारखी येत नाही. या घोडीला भूल देऊन सांधा धुतला, पायाला वर आवळपट्टी बांधून खालच्या शिरेत अँटिबायोटिक सोडलं, मग पुन्हा सगळं तेच. वाचली. पण तो फेटलॉक आजही जाड आहे आणि पुरता वाकत नाही.

माझी सवय सांगतो. सांध्याच्या किंवा टेंडनच्या वीतभर अंतरात काहीही घुसलं असेल, तर ते आत गेलंय असंच मी धरून चालतो. ‘गेलेलं नाही’ हे डॉक्टरांनी सिद्ध करायचं. त्यांची पद्धत सोपी असते: जखमेपासून लांब, चांगल्या बाजूने सांध्यात निर्जंतुक सलाइन टोचायचं आणि ते जखमेतून बाहेर येतं का ते बघायचं. बाहेर आलं तर वाद मिटला. डॉक्टर येईपर्यंत दुखणं कमी करणारं औषध त्यांना विचारल्याशिवाय देत नाही आणि जखमेवर रंगीत काहीही लावत नाही. कोणता स्प्रे चांगला, हे कृपया मला विचारू नका.

“आईचा पाय पडला असेल”

काही दिवसांचं शिंगरू अचानक लंगडायला लागलं की हे वाक्य ठरलेलं. कधीकधी खरंही असतं. पण लहान शिंगराचा लंगडा पाय म्हणजे सांध्यात जंतुसंसर्ग, असं धरूनच सुरुवात करायची. मार लागलाय हे नंतर ठरवू. हे जंतू बाहेरच्या जखमेतून येत नाहीत. नाळेतून, आतड्यातून, फुप्फुसातून रक्तात शिरतात आणि सांध्यात किंवा हाडाच्या वाढीच्या पट्टीत जाऊन बसतात. ज्या शिंगराला चीक वेळेवर आणि पुरेसा मिळालेला नाही, त्याला हा धोका जास्त. चिकातली प्रतिकारशक्ती आतड्यातून शोषून घेण्याची सोय जन्मानंतर साधारण 24 तासांत बंद होते. तेव्हा आधी ताप मोजा. 38.9 अंश सेल्सिअसच्या वर गेला तर संशय पक्का, पण ताप नाही म्हणून निर्धास्तही राहू नका. नाळ दाबून बघा, सगळे सांधे दोन्ही बाजूंनी चाचपून बघा. उद्यापर्यंत वाट बघू, असं शिंगराच्या बाबतीत म्हणायचंच नाही.

एकेका ओळीत आटपण्यासारख्या

खुरात खिळा रुतलेला दिसला की लोकांचे हात शिवशिवतात. तो आणखी आत जाणार नसेल तर एक्स-रे होईपर्यंत तसाच राहू द्या. तो कुठवर आणि कोणत्या दिशेने गेलाय हे नंतर भोकावरून कळत नाही.

हायड्रोजन पेरॉक्साइड आणि कडक आयोडीन जंतूंबरोबर नव्या पेशीही मारतं. लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात 9 ग्रॅम मीठ, एवढं पुरतं.

पावडरी टाकू नका. शिवता आली असती अशी जखम पावडरीने वाया घालवलेली मी पुष्कळदा पाहिली आहे.

धनुर्वाताची लस कधी दिली होती ते आठवत नसेल, तर दिलेली नाही असं समजा. घोड्याइतकं धनुर्वाताला लवकर बळी पडणारं पाळीव जनावर दुसरं नाही.

जखमेतून वर आलेल्या लालभडक मांसाला मोरचूद लावून जाळण्याचा उद्योग बंद करा. त्या मांसात दुखणं कळवणारे मज्जातंतू नसतात, डॉक्टर ते पात्याने सपाट कापतात. रक्त भरपूर येतं, दुखत नाही. मोरचूद मात्र आजूबाजूची चांगली कातडीही खातं. आणि नळीचं हाड (गुडघा किंवा हॉक आणि फेटलॉक यांच्यामधलं लांब हाड) उघडं पडलेली जखम काही आठवडे भरता भरत नसेल, एखाद्या छिद्रातून सारखी पाझरत असेल, तर मलम बदलत बसू नका. आत हाडाची मेलेली कपची असण्याची शक्यता आहे. ती काढल्याशिवाय जखम मिटत नाही.

मोडलेला पाय न बांधता हलवणं

पाय लटकतोय, घोडं घाबरून सैरभैर झालंय, आणि चार माणसं त्याला गाडीकडे ओढतायत. या पन्नास पावलांत जे नुकसान होतं ते मूळ मोडण्यापेक्षा जास्त असू शकतं. हाडाचं टोक कातडी फाडून बाहेर आलं की सगळं गणितच बदलतं. आधी जाड बँडेज आणि फळी, मग हालचाल. गाडी घोड्यापाशी आणा, घोडं गाडीपाशी नाही. पुढचा पाय मोडला असेल तर घोड्याचं तोंड गाडीच्या मागच्या बाजूला ठेवतात, मागचा असेल तर पुढच्या बाजूला. ब्रेक लागल्यावर अंगाचा भार पुढे ढकलला जातो, तो चांगल्या पायांवर यावा म्हणून.

“पाय मोडला म्हणजे संपलं” हेही आता खरं राहिलेलं नाही. नळीच्या खालच्या टोकाला गेलेली साधी चीर स्क्रूने जोडून घोडी पुन्हा शर्यतीत धावलेली आहेत. शिंगराचं वजन कमी आणि हाड लवकर जुळतं, त्यामुळे त्याच्याबाबत तर आशा जास्तच. एक्स-रे बघायच्या आधी निकाल लावू नका, एवढंच म्हणणं आहे.

बँडेज एकदा बांधलं की विसरणं

खाली कापूस कमी आणि वर पट्टी घट्ट, हा घाईच्या माणसाचा बँडेज. तो चांगल्या टेंडनलाही इजा करतो. पुढच्या गुडघ्यामागचं टोकदार हाड आणि हॉकचं टोक इथे कातडी आधी कुजते, म्हणून तिथे मी बोट घालून बघतो. घोडं बँडेज चावायला लागलं की लोक त्यावर तिखट काहीतरी फासतात. चावतंय म्हणजे बहुधा आत काचतंय. आधी उघडून बघा. शिंगराला तर प्लास्टर साधारण 10 ते 14 दिवसांत बदलावंच लागतं, कारण पाय आत वाढत असतो आणि आधाराची सवय होऊन टेंडन ढिले पडतात.

दुसऱ्या पायाकडे न बघणं

बार्बारो हे घोडं बऱ्याच जणांना आठवत असेल. वय 3 वर्षं, 2006 च्या मे महिन्यात अमेरिकेतली केंटकी डर्बी ही शर्यत जिंकलं आणि दोनच आठवड्यांनी प्रीकनेस शर्यतीत उजवा मागचा पाय मोडून घेतला. हाडांचे 20 हून जास्त तुकडे. प्लेट आणि 27 स्क्रू घालून शल्यचिकित्सकांनी तो पाय उभा केला. जुलैमध्ये मात्र डाव्या मागच्या, म्हणजे धडधाकट पायाला लॅमिनायटिस (खुराच्या आतल्या थराचा दाह) झाला. सगळा भार त्यावर पडत होता, खुराला रक्त नीट पोहोचत नव्हतं, आणि खुराची भिंत आतल्या हाडापासून सुटायला लागली. नंतर दोन्ही पुढच्या पायांनाही तोच आजार झाला. 29 जानेवारी 2007 ला त्याला दयामरण द्यावं लागलं. जगातली उत्तम सोय हाताशी असून हे झालं.

म्हणून दुखऱ्या पायाचं बँडेज बदलताना चांगल्या पायाचं खूर हाताने बघायचं: गरम आहे का, फेटलॉकच्या मागे दोन्ही बाजूंना नाडी टणटण उडतेय का. त्या खुराला तळातून आधार द्यायला नालबंदाला पहिल्याच आठवड्यात बोलवा, महिन्याने नाही. गादी जाड हवी, म्हणजे घोडं आपणहून आडवं होऊन भार काढतं. शिंगरात लॅमिनायटिस क्वचित होतो, पण भार घेणारा पाय वाकडा वाढतो. फेटलॉकची बरीचशी वाढ पहिल्या तीन महिन्यांत उरकते, त्यामुळे तिथला बाक सुधारायला वेळ फार थोडा असतो.

आणि एक अवघड गोष्ट याच ठिकाणी. मोठ्या घोड्याची विश्रांतीतली नाडी मिनिटाला 28 ते 44 असते. औषधं चालू असून ती 60 च्या वर टिकून असेल, घोडं खाणं सोडून पडून राहत असेल, तर ‘अजून एक आठवडा बघू’ हा निर्णय कोणासाठी घेतोय हे स्वतःला विचारा.

लवकर सोडणं

आता माझी दुसरी नावडती चूक. वरची सगळी मेहनत इथे मातीत जाते.

सूज उतरली, गरमपणा गेला, घोडं तबेल्यात गोल गोल फिरून भिंतींना लाथा घालतंय. मालकाला दया येते. “बिचारं किती कंटाळलंय, दहा मिनिटं सोडतो.” दहा मिनिटं कधीच दहा मिनिटं नसतात. महिनाभर कोंडलेलं दोन वर्षांचं घोडं मोकळ्यावर गेलं की पहिल्याच क्षणी उधळतं, वळताना सगळा भार त्याच पायावर टाकतं, आणि तेवढं पुरतं.

सूज उतरणं म्हणजे बरं होणं नव्हे. पायामागचं टेंडन फाटलं तर आधी भरून येणारा धागा कच्चा आणि अस्ताव्यस्त असतो. तो ओढ घेण्यासारखा सरळ आणि मजबूत व्हायला 9 ते 12 महिने लागतात. बाहेरून पाय मात्र दोन महिन्यांतच चांगला दिसायला लागतो. त्या मधल्या काळात काय चाललंय हे डोळ्याला कळत नाही, बोटांना कळत नाही, सोनोग्राफीत कळतं. हाडासाठी एक्स-रे. पुढची पायरी कधी, ते यावर ठरवायचं. घोड्याच्या तोंडावरच्या भावावर ठरवायचं नाही. मला ‘लवकर बरं होण्याचा उपाय’ विचारणाऱ्यांना मी हल्ली उत्तरच देत नाही. ज्यांना एक वर्ष थांबता येत नाही, त्यांनी तरुण घोडं घेऊच नये.

कोंडलेल्या काळात चंदी पहिल्या दिवसापासून कमी करा. काम बंद आणि दाणा तेवढाच, म्हणजे तुम्ही हाताने फटाका भरताय. गवत दिवसभर थोडं थोडं द्या आणि पाणी किती प्यायलं, लीद किती टाकली यावर लक्ष ठेवा. हालचाल थांबली की पोटात लीद अडकून पोटशूळ होतो. शेजारी दिसेल असं दुसरं घोडं ठेवा, त्याने निम्मा धिंगाणा कमी होतो. हाताने चालवायला सुरुवात कराल तेव्हा नुसत्या म्होरकीवर जाऊ नका, लगाम घाला, दोरी लांब घ्या, हातमोजे आणि हेल्मेट घाला. पहिल्या काही दिवसांसाठी गुंगीचं हलकं औषध डॉक्टरांकडून मागून घ्यायला लाजू नका. वाऱ्याच्या दिवशी चालवणं रद्द करा. आणि पाच मिनिटं सांगितली असतील तर पाचच; सहाव्या मिनिटाला घोडं कितीही शहाण्यासारखं चालत असलं तरी आत.