हॅमॉकमध्ये झोपताना रात्री सॅक कुठे ठेवायची? कोकण किनाऱ्यासाठी

तंबूत सॅक उशाशी घेता येते. हॅमॉकमध्ये, म्हणजे दोन झाडांमध्ये बांधलेल्या झोळीत, तेवढी जागाच नसते, म्हणून बहुतेक जण ती खाली वाळूत ठेवतात किंवा बुंध्याला टेकवून झोपून जातात. घाटमाथ्यावर थंडीत हे एक वेळ खपून जातं. किनाऱ्यावर, सुरूच्या बनात किंवा नारळी-पोफळीच्या आगरात खपत नाही. इथे सॅकची वाट लावतात ती दव, खारट ओल, मुंग्या आणि अन्नाच्या वासावर येणारी जनावरं. म्हणून इथला नियम असा: सॅक जमिनीपासून वर, स्वतःच्या वेगळ्या पट्ट्यावर, वरून झाकलेली, सगळ्या चेन बंद आणि आत खायचं काहीही नाही. यातली शेवटची अट सगळ्यात जास्त मोडली जाते आणि फाटलेल्या सॅक बहुतेक तिच्यामुळेच फाटलेल्या असतात.

झाड निवडताना सॅकचाही विचार

जागा कुणाची आहे ते आधी विचारा. किनाऱ्यावरची बरीच सुरूची बनं वनखात्याने लावलेली आहेत आणि आगरं खाजगी असतात. "काका, रात्रीपुरती इथे झोळी बांधू का? चूल पेटवणार नाही," असं थेट विचारलं की काम होतं. चुलीचं आपणहून सांगावं. सुरूच्या वाळक्या काड्यांचा थर ठिणगीने पेटतो, हे तिथल्या माणसांना चांगलं माहीत असतं. मालकाच्या पडवीत सॅक ठेवायला मिळाली तर तीच उत्तम जागा. मग पुढचं वाचायचं कारण उरत नाही.

माडाखाली हॅमॉक नको आणि सॅकही नको. पंधरा ते वीस मीटरवरून सुटलेला नारळ खाली येईपर्यंत ताशी ६० ते ७० किलोमीटरचा वेग घेतो, आणि वाळलेली झावळी तर वारा नसतानाही निसटते. माडालाच बांधायचं असेल तर नुकतीच पाडप झालेली, म्हणजे नारळ उतरवलेली झाडं कोणती ते मालकाला विचारा आणि वरच्या सुकलेल्या झावळ्या उजेड असतानाच बघून घ्या. पोफळ बारीक असते, माणसाच्या वजनाने वाकते, तिला बांधू नका. आंबा आणि काजू मजबूत असले तरी फेब्रुवारी ते मेमध्ये रात्रभर वटवाघळं फळं पाडत असतात आणि आंब्याचा चीक कापडावरून जाता जात नाही. किनाऱ्याजवळ उंडी किंवा करंज मिळाला तर सोडू नका. सुरू चालतो, पण बुंधा निदान १५ सेंटीमीटर जाडीचा हवा, आणि मुळं उघडी पडलेली, समुद्राकडच्या पहिल्या रांगेतली झाडं टाळा.

पानं एकमेकांना जोडून केलेली तांबड्या मुंग्यांची घरटी वर दिसतात का ते बघा. दिसली तर झाड बदला. या मुंग्या पट्ट्यावरून चालत थेट सॅकवर आणि तिथून हॅमॉकमध्ये येतात.

चिऱ्याच्या गडग्याला, म्हणजे दगडी कुंपणाला, सॅक टेकवू नये. दोन चिऱ्यांमधल्या फटी म्हणजे विंचू आणि सापांची घरं. कोकणात फुरसं हा विषारी साप खूप आहे. ते लहान असतं, रात्री हिंडतं आणि पाचोळ्यात दिसत नाही. सॅक वर टांगण्यामागचं मोठं कारण हेच: अंधारात काही काढताना हात पाचोळ्याकडे न्यायची वेळ येऊ नये.

पुळणीच्या, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूच्या, काठाला झोपत असाल तर भरतीची रेघ शोधा. वाळलेलं शेवाळ, शिंपले आणि प्लॅस्टिकचा कचरा जिथवर ओळीने पडलेला असतो तिथवर पाणी येऊन गेलेलं असतं. झोपायची आणि सामानाची जागा त्याच्या बरीच वर हवी. भरतीची वेळ काढायचा कोळ्यांचा हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट. अष्टमीला साधारण सहा वाजता, पंचमीला पावणेचारच्या सुमारास. पुढची भरती त्यानंतर सुमारे साडेबारा तासांनी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतं, तेवढं धरून चाला. याच हिशेबाने पौर्णिमा-अमावस्येची भरती दुपारी आणि मध्यरात्रीच्या आसपास पडते आणि ती उधाणाची असते. म्हणजे चांदणं बघून निवडलेल्या रात्रीच पाणी सगळ्यात वर येतं, तेही सगळे झोपलेले असताना.

टांगायचं कसं

सामान थोडंच लागतं. अडीच सेंटीमीटर रुंद, दीड ते दोन मीटर लांब असा पॉलिएस्टरचा पट्टा, दोन टोकांना फास किंवा शिवलेले लूप, एक कॅराबिनर (उघडझाप होणारी धातूची कडी), सॅकच्या आत घालायला एक मोठी जाड प्लॅस्टिकची पिशवी, आणि रेनकव्हर. नायलॉनचा पट्टा घेऊ नका. तो ओला झाला की ताणतो, आणि दवाच्या रात्री सकाळपर्यंत सॅक वीतभर खाली आलेली असते. आगरात सहज मिळणारा काथ्याचा सुंभ कपडे वाळत घालायला ठीक. सॅकसाठी नको, तो घासून तुटतो आणि सालीवर काचतो.

हॅमॉकचे पट्टे साधारण छातीच्या वर, दीड ते पावणेदोन मीटरवर बांधलेले असतात. पायाकडच्या झाडावर त्यांच्या खाली, जमिनीपासून १४० सेंटीमीटरवर, सॅकचा पट्टा बुंध्याभोवती दोन वेढे देऊन घट्ट ओढा. एकच वेढा दिला तर गुळगुळीत बुंध्यावरून तो घसरत खाली येतो. कॅराबिनर सॅकच्या मानेजवळच्या छोट्या हँडलमध्ये अडकवा. सॅक १० किलोच्या वर असेल तर त्याच कॅराबिनरमध्ये दोन्ही खांद्यांचे पट्टेही घ्या. एकाच खांद्याच्या पट्ट्यावर टांगलेली सॅक फिरत राहते आणि त्या पट्ट्याची शिवण उसवते. साठ लिटरची सॅक ७० सेंटीमीटरच्या आसपास उंच असते, म्हणजे तिचा तळ मांडीच्या उंचीला राहतो. कुत्रा किंवा कोल्हा हुंगून जाईल, पण ओढून नेणार नाही, आणि तुम्हाला हॅमॉकमधून उतरून उभ्या उभ्या सगळं काढता येईल.

पाठीची बाजू बुंध्याकडे ठेवा. पाठीचा फोम पाणी धरून ठेवतो आणि रेनकव्हर ती बाजू झाकतच नाही. बुंध्याकडे असली की दवापासून वाचते. लोंबणारे पट्टे आत खोचा. कमरेचा पट्टा सैल लोंबत असेल तर मुंग्यांना तो जिना होतो. मुंग्या फारच असतील तर पट्टा आणि कॅराबिनर यांच्यामध्ये हातभर दोरी घ्या आणि तिच्या मधल्या १० सेंटीमीटरला पेट्रोलियम जेली चोपडा. जेली पट्ट्यावर लावू नका, पट्टा सरकायला लागतो.

ही सगळी पद्धत नोव्हेंबर ते एप्रिल, कोरड्या आकाशाखाली. पावसाची शक्यता असेल तेव्हा बुंधा सोडायचा, आणि त्याचं कारण मापात आहे. दोन झाडांत साडेचार मीटर अंतर आणि वरची ताडपत्री ३.३ मीटर लांब असेल तर दोन्ही बाजूंना साठ-साठ सेंटीमीटर उघडं राहतं. बुंध्यावरची सॅक त्या उघड्या पट्टीत येते, वर बुंध्यावरून ओघळणारं पाणी थेट तिच्या पाठीत जिरतं. मे महिन्यातल्या वळवाला किंवा ऑक्टोबरच्या गडगडाटी सरीला म्हणून सॅक हॅमॉकच्या पायाकडच्या टोकाला, जिथे कापड आणि पट्टा जुळतात तिथे, ताडपत्रीच्या आत टांगा. कूस बदलली की ती हलते, इतकाच त्रास. ताडपत्रीच्या कडेच्या आत, सॅकच्या आधी, पट्ट्याला सुती नाडीचा तुकडा बांधून खाली सोडा. पट्ट्यावरून वाहत आलेलं पाणी नाडीवरून गळून जातं, हॅमॉकपर्यंत पोचत नाही. वीज कडाडायला लागली तर मात्र सॅकचा विचार सोडून झाडांखालून बाहेर पडा आणि पक्क्या घरात जा.

एक चूक वरचेवर दिसते: ताडपत्रीसाठी बांधलेल्या आडव्या दोरीच्या मधोमध सॅक अडकवणं. दोरी जितकी ताठ, तितका तिच्यावरचा ताण जास्त. बारा किलोची सॅक मधोमध लटकली आणि दोरी आडव्या रेषेपासून फक्त ५ अंशांनी झुकली, तर दोरीच्या प्रत्येक बाजूला जवळपास ७० किलोचा ताण येतो. गाठ सुटते किंवा ताडपत्रीला झोळ पडून त्यात पाणी साचतं. त्या दोरीवर टॉर्च, चष्मा, फोन यांची अर्ध्या किलोची पिशवी ठीक, त्यापुढे नाही. हॅमॉकच्या पट्ट्यांनाही हेच गणित लागू आहे. ते ३० अंशांच्या कोनात असताना ७० किलोच्या माणसाचा प्रत्येक पट्ट्यावर ७० किलो ताण येतो; १५ अंशांवर तोच १३५ होतो. सॅक हॅमॉकच्या टोकाला लावणार असाल तर पट्टे सैलच ठेवा.

खालची झोळी

हॅमॉकच्या खाली दुसरी छोटी झोळी बांधून तीत सॅक ठेवायची पद्धत दिसायला छान आहे, पण मोठ्या सॅकला ती जमत नाही. हॅमॉक बसल्यावर जमिनीपासून ४५ सेंटीमीटरवर येतो. भरलेली सॅक आडवी ठेवली तरी २५ ते ३० सेंटीमीटर जाडी असते. मग ती वाळूला टेकते किंवा तिची बकलं पाठीला टोचतात आणि हॅमॉकचं पातळ कापड घासून फाटतं. दप्तराएवढ्या छोट्या सॅकसाठी मात्र झोळी सोयीची. सव्वा मीटर लांब, ८० सेंटीमीटर रुंद जाड सुती किंवा नायलॉनचं कापड घ्या, दोन्ही आखूड कडा ४ सेंटीमीटर दुमडून दुहेरी शिवा, त्यातून ४ मिलिमीटरची दोरी ओवा, चुणून घट्ट करा आणि दोन्ही टोकं हॅमॉकच्या टोकांना बांधा. आत झोपून बघा, मग उंची ठरवा. रिकाम्या हॅमॉकखाली नीट दिसणारी झोळी माणूस झोपला की जमिनीला लागते.

जमिनीवर ठेवण्यावाचून इलाजच नसेल तर सॅक मोठ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड पिळून दुमडून बांधा आणि मोकळ्या, झाडलेल्या जागेवर ठेवा, पाचोळ्यावर नाही. उघड्या सॅकमध्ये कुर्ल्या शिरतात, वाळू चेनमध्ये बसते आणि पाचोळ्यातली वाळवी एका रात्रीतही कापडाला मातीचा लेप देऊन जाते.

खाणं वेगळं

बिस्किटं, चिक्की, केळी आणि विशेषतः सुकट, बोंबील, सोडे यांपैकी काहीही रात्री सॅकमध्ये राहू नये. साबण आणि टूथपेस्टही खाण्यातच धरा. वासावर कुत्री, कोल्हे, उदमांजर, उंदीर येतात. उदमांजर आणि उंदीर झाडावर चढतात, त्यामुळे नुसतं उंच टांगून भागत नाही. खरा बचाव घट्ट झाकणाचा, कडीचा स्टीलचा डबा. तो निजायच्या जागेपासून वीस-पंचवीस पावलांवर वेगळा टांगा किंवा सरळ आगराच्या मालकांच्या स्वयंपाकघरात द्या. माकडं रात्री येत नाहीत, पहाटे येतात, आणि त्यांना चेन उघडता येते. म्हणून उजाडताना डबा आणि सॅक नजरेसमोर हवी. एकदा रिकामी झालेली खाऊची पिशवी सॅकच्या खिशात राहिली, तर उंदीर तेवढ्यासाठी खिसा कुरतडतो.

ओल आणि मीठ

भरतीच्या शिंतोड्यांनी किंवा घामाने खारट झालेली सॅक रात्री आपसूक ओली होते. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून विरघळतं, आणि किनाऱ्यावरच्या रात्री ती पातळी सर्रास ओलांडली जाते. म्हणून संध्याकाळीच गोड्या पाण्यात भिजवून पिळलेल्या फडक्याने सॅकची पाठ, पट्टे आणि चेन पुसून घ्या. पाच मिनिटांचं काम आहे. कपडे आणि अंथरूण आतल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत, तोंड दोनदा दुमडून. रेनकव्हरवर भरवसा ठेवून आतली पिशवी टाळू नका. रात्री मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, त्यामुळे रेनकव्हरची झाकलेली बाजू डोंगराकडे आली तर थंड दमट झुळूक थेट आत जात नाही.

रात्री लागणारं सगळं, म्हणजे टॉर्च, पाणी, औषधं, पाकीट, फोन, वेगळ्या छोट्या पिशवीत हॅमॉकमध्येच घ्या. गर्दीच्या किनाऱ्यावर चोरीची भीती असते, त्यावरही हाच उपाय. बूट उलटे करून काठीवर किंवा सॅकच्याच कॅराबिनरला नाडीने टांगा. नोव्हेंबर ते मार्च हा वेळास, आंजर्ल्यासारख्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवांच्या विणीचा काळ, तेव्हा पुळणीकडे पांढरा प्रखर उजेड टाकू नका. सॅक शोधायला तांबड्या उजेडाची टॉर्च पुरते.

सकाळी सॅक काढण्याआधी काठीने दोन-तीनदा थोपटा, मग पट्ट्यांना हात घाला. बूट आपटून झटका. लाल विंचू चावला तर घरगुती उपायात वेळ घालवू नका, महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन हे औषध वापरून या दंशाने होणारे मृत्यू खूप कमी करता येतात हे दाखवून दिलं आहे, पण ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच, त्यामुळे थेट जवळचं आरोग्य केंद्र किंवा १०८. साप चावला तरी घरगुती उपाय नकोत, थेट तिकडेच जा. निघायच्या आधी जवळचं केंद्र कुठे आहे ते विचारून ठेवा.

घरी आल्यावर सॅक रिकामी करून गोड्या पाण्याने धुवा आणि सावलीत वाळवा. कॅराबिनरवर पांढरी भुकटी दिसली तर ती खाऱ्या हवेने आलेला गंज आहे, घासून काढा. चेन अडकत असेल तर ओढाताण न करता दातांवर मेणबत्ती फिरवा.